नोकरी सांभाळून पर्यावरण शिकायचंय? आधी तास मोजा, मग अर्ज भरा

पत्राचा गोषवारा: पत्र पाठवणाऱ्या वाचक ३७ वर्षांच्या आहेत. वाणिज्य शाखेची पदवी, आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात १३ वर्षांची नोकरी. घरी आठ वर्षांची मुलगी आणि आजारी सासरे. दोन वर्षांपासून मोठे ग्राहक कार्बनची माहिती मागणाऱ्या प्रश्नावल्या पाठवू लागले आणि त्या भरायचं काम यांच्याकडे आलं. तेव्हापासून पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयात पार्ट-टाइम पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं मनात आहे. त्या लिहितात, "दिवसभर मी स्वस्तात स्वस्त माल शोधते. माझ्या कामाचा पर्यावरणाशी काही संबंध नाही, म्हणून हे शिकून नोकरी बदलावी असं वाटतं. पण विज्ञान शाळेनंतर सुटलं ते सुटलंच. एक कोर्स दोन वर्षांचा, संध्याकाळच्या वर्गांचा आहे. दुसरा डिस्टन्सचा, पाच वर्षांपर्यंत मुदत देणारा. पहिला घेऊन दोन वर्षांत उरकून टाकावं म्हणते. की छोटे सर्टिफिकेट कोर्स पुरतील? ऑफिसात अजून कुणाला बोललेले नाही. या वयात झेपेल ना?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वयाचा आहे, पण पत्रात मला अडलं ते दुसरंच वाक्य. 'माझ्या कामाचा पर्यावरणाशी काही संबंध नाही.' हे वाक्य तसंच मनात धरून तुम्ही कोर्स निवडलात तर निवड चुकायची शक्यता आहे, म्हणून आधी तिथेच थांबू.

तुम्ही भरता त्या प्रश्नावल्यांत स्कोप वन, टू आणि थ्री हे तीन रकाने असतात. कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि कंपनीच्या आधी व नंतर साखळीत जे काही घडतं ते सगळं तिसऱ्यात. तिसऱ्याची रीतसर मांडणी २०११ मध्ये आली. तिच्यात १५ प्रकार आहेत आणि त्यातला पहिलाच प्रकार आहे विकत घेतलेला माल आणि सेवा. म्हणजे तुमचं टेबल.

एक उदाहरण आकड्यांत बघा. लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये बनलेल्या एक टन पोलादामागे जगाच्या सरासरीने सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार वितळवून इलेक्ट्रिक भट्टीत बनलेल्या पोलादामागे सुमारे ०.७ टन. तुमची कंपनी वर्षाला ५०० टन पोलाद घेत असेल, तर या दोन टोकांमधला फरक ८०० टनांचा झाला. एवढा वायू निघायला जवळजवळ तीन लाख लिटर डिझेल जाळावं लागेल. तुमच्या पीओवर, म्हणजे खरेदी आदेशावर, ग्रेड असते, जाडी असते, दर असतो, डिलिव्हरीची तारीख असते. पोलाद कुठल्या भट्टीतलं, हा रकाना बहुधा नसतो.

मग उद्यापासून सगळं भंगाराचं पोलाद घ्यायचं का? इथेच खरा अभ्यास सुरू होतो. भंगारात तांब्यासारखे धातू मिसळून येतात आणि वितळवताना ते सहज काढता येत नाहीत, त्यामुळे काही ग्रेड त्यातून धड बनत नाहीत. शिवाय जगात भंगार मोजकंच आहे. तुम्ही ते घेतलंत म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी खनिजापासूनचं घ्यावं लागलं, असंही होऊ शकतं. तेव्हा तुमच्या ताळेबंदात कपात दिसेल, हवेत दिसेलच असं नाही. कागदावरची कपात आणि हवेतली कपात यांतला हा फरक ओळखता येणं, हे चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून मिळायला हवं. छोट्या कोर्समध्ये गुणाकार शिकवतात. हा प्रश्न विचारायला शिकवायला तिथे वेळच नसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की नोकरी बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पुढे बदलालही, त्यात काही वावगं नाही. पण पार्ट-टाइम शिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा हातात असलेल्या कामाला अभ्यास जोडता येण्यात आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला खरा खरेदीचा डेटा मिळवायला महिनोन् महिने लोकांच्या मागे फिरावं लागतं. तुमच्याकडे तो १३ वर्षांचा पडून आहे.

आता विज्ञानाची भीती. आधी हे तपासा की तुम्ही नेमक्या कुठल्या अभ्यासक्रमाकडे बघताय. 'पर्यावरणशास्त्र' नावाच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रयोगशाळा असते, पाण्या-मातीचे नमुने असतात, आणि प्रवेशाला विज्ञानाची पदवी लागते. 'पर्यावरण आणि शाश्वत विकास' या नावाखाली बहुतेक ठिकाणी धोरण, अर्थशास्त्र, कायदा, व्यवस्थापन आणि थोडं परिस्थितिकीशास्त्र असतं. ते साहजिकच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ च्या अहवालात शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तिच्या पोटात दोन गोष्टी आहेत: गरजा, त्यातही गरिबांच्या गरजा आधी, आणि निसर्गाच्या क्षमतेवर येणाऱ्या मर्यादा. यातली पहिली गोष्ट लोक हमखास विसरतात. या विषयात माणसं, पैसा आणि हक्क निम्म्याहून अधिक आहेत. नावावर मात्र जाऊ नका, मॉड्यूलची यादी आणि प्रवेशाची अट वाचा.

वाणिज्य शाखेची तर इथे चक्क मदत होते. पर्यावरणीय अर्थशास्त्राचा जो भाग विज्ञानवाल्यांना जड जातो, तो तुम्ही कॉलेजात शिकलेल्या वर्तमान मूल्याचाच आहे. ५० वर्षांनी होणारं १०० लाखांचं नुकसान आज किती धरायचं? ७ टक्के दर लावला तर अवघे ३.४ लाख. १.४ टक्के लावला तर जवळजवळ ५० लाख. नुकसान तेच, आणि आज ते टाळायला किती खर्च करावा याचं उत्तर मात्र चौदा-पंधरा पटींनी बदललं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या हवामानविषयक अहवालावर अर्थतज्ज्ञांत जो मोठा वाद झाला, तो बराचसा त्यांनी धरलेल्या १.४ टक्के दरावरूनच. पुढच्या पिढीचं नुकसान आपल्यापेक्षा कमी का मोजायचं, हा नीतीचा प्रश्न या एका टक्केवारीत दडलेला असतो. तुमच्या मुलीच्या वयाकडे बघून ते गणित एकदा स्वतः करा.

विज्ञान लागतं ते असं. एककं पक्की हवीत: किलो, टन, जूल, किलोवॅट-तास. कार्बनचं चक्र समजायला हवं. 'कार्बन' आणि 'कार्बन डायऑक्साइड' यांत गल्लत होता कामा नये, कारण एक टन कार्बन जळून ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. वस्तुमान १२ च्या कार्बनला ऑक्सिजन चिकटून ४४ होतं, म्हणून ४४ भागिले १२. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ०.७३ किलो कार्बन असतो, त्याला ३.६७ ने गुणलं की २.६८ किलो येतात. प्रश्नावलीतला डिझेलचा गुणक आला कुठून, ते इथे कळतं. अहवालांत कुठे टन कार्बन लिहिलेलं असतं तर कुठे टन कार्बन डायऑक्साइड, आणि ते न बघता आकडे शेजारी ठेवले की उत्तर पावणेचार पटींनी चुकतं. मिथेनचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अभ्यास समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात त्याचा शंभर वर्षांचा गुणक (तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तो तापवतो तो आकडा) २५ होता, २०२१ च्या अहवालात तो उगमानुसार सुमारे २७ ते ३० आहे. दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडे एकच गुणक धरलाय ना, हे बघावं लागतं. एवढं रसायन महिनाभरात होतं.

खरी दमछाक होते ती संख्याशास्त्रात आणि लिखाणात. त्यातल्या त्यात लिखाणात जास्त. ऑफिसात १३ वर्षं मुद्द्यांत आणि ईमेलमध्ये लिहायची सवय झाली की अडीच हजार शब्दांचा सलग युक्तिवाद हाताला येत नाही. पहिल्या असाइनमेंटमध्ये नोकरदार विद्यार्थी बहुधा एकच चूक करतात: माहिती सगळी गोळा करतात, पण बाजू घेत नाहीत. परीक्षकाला 'कार्बन कर म्हणजे काय' हे वाचायचं नसतं. कुठल्या परिस्थितीत तो फसतो आणि तुम्हाला तसं का वाटतं, हे वाचायचं असतं.

आता तासांकडे वळू, कारण पार्ट-टाइम कोर्स अर्धवट सुटतात ते बहुतेक इथेच. ब्रिटिश पद्धतीत मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे दहा तास. वर्ग, वाचन, लेखन, परीक्षा धरून १,८०० तास. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं आणि मास्टर्स साधारण ६० ते १२० क्रेडिटचं, म्हणजे १,५०० पासून ३,६०० तासांपर्यंत. 'मास्टर्स' हे नाव एकच असलं तरी आतलं काम दुपटीहून जास्त असू शकतं. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच: एकूण किती तासांचा अभ्यास धरला आहे?

समजा १,८०० तास आहेत. वर्षाचे ५२ आठवडे धरू नका. आजारपणं, ऑफिसची वर्षअखेर, मुलीच्या परीक्षा यांत सातेक आठवडे जाणार. उरले ४५. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २० तास. तीन वर्षांत १३ च्या वर. चार वर्षांत १०, पाच वर्षांत ८. पूर्णवेळ नोकरी, लहान मूल आणि घरात आजारी माणूस असताना आठवड्याला २० तास, तेही सलग दोन वर्षं? ताई, हे 'उरकणं' तुमच्या झोपेतून वसूल होईल आणि दुसऱ्या सेमिस्टरला मोडेल. पहिल्या सेमिस्टरला उत्साह असतो, घरचेही सांभाळून घेतात. दुसऱ्यात दोन डेडलाइन एकाच आठवड्यात येतात, नेमकं तेव्हाच घरी कुणीतरी आजारी पडतं. या वयात झेपेल का, असं तुम्ही विचारलंत. वयाने काही अडत नाही. आठवड्याला दहा तास आहेत का, ते विचारा.

हे कागदावर ठरवू नका, सहा आठवडे करून बघा. आठवड्याला दहा तास, कामाच्या दिवशी दीड-दीड तासाच्या चार बैठका आणि सुटीच्या दिवशी सलग चार तास. तो सलग तुकडा फार महत्त्वाचा. वाचन तुकड्यातुकड्यांनी होतं, लिखाण होत नाही. या सहा आठवड्यांत आयपीसीसीच्या २०२३ च्या संश्लेषण अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश वाचा. तो तीसेक पानांचाच आहे पण दाट आहे. सोबत तुमच्या विषयाजवळचे चार शोधनिबंध. निबंध पहिल्या ओळीपासून वाचत सुटू नका. आधी सारांश, मग आलेख आणि तक्ते, मग निष्कर्ष, आणि मग पद्धत. पहिल्याला तीन तास लागतील, चौथ्याला निम्मे. शेवटच्या दोन आठवड्यांत १,५०० शब्द लिहा, एका ठाम बाजूने. आणि रोज कॅलेंडरवर खरे झालेले तास मांडा, ठरवलेले नव्हेत. साठपैकी पन्नासच्या आसपास झाले तर अर्ज भरा. तीस झाले तर याच घरात, याच नोकरीत पाच वर्षांची मुदतही कमीच पडेल. तसं असेल तर आधी घरात कुठलं काम कुणाकडे जाईल, हे बोलून ठरवावं लागेल. सासऱ्यांची औषधं आणि डॉक्टरच्या भेटी आज एकट्या तुमच्याच वाट्याला असतील, तर ती वाटणी अर्ज भरण्याआधी व्हायला हवी, प्रवेश मिळाल्यावर नाही.

आता संध्याकाळचे वर्ग की डिस्टन्स. संध्याकाळच्या वर्गाचा मोठा गुण म्हणजे माणसं. शेजारी बसलेला पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर किंवा वनखात्यातली अधिकारी चर्चेत जे सांगते ते पुस्तकात नसतं, आणि ठरलेली वेळ असली की अभ्यास होतोच. तोटा म्हणजे प्रवास आणि हजेरीची अट. दर खेपेला जाऊन-येऊन दीड तास लागत असेल आणि आठवड्यात तीन वर्ग असतील, तर साडेचार तास रस्त्यातच गेले, आणि ते त्या वीस तासांत धरलेलेही नाहीत. डिस्टन्समध्ये वेळ तुमची, पण एकटेपणा येतो आणि ढकलाढकल होते. तुमची परिस्थिती बघता मी डिस्टन्सकडे झुकतो, तेही चार वर्षांचा बेत धरून. पाच वर्षांची मुदत आहे म्हणून पाच धरू नका, एक वर्ष संकटासाठी हातात ठेवा.

त्यातही एक गोष्ट जरूर विचारा: मधल्या पायऱ्या आहेत का? बऱ्याच ठिकाणी ६० क्रेडिटला पदव्युत्तर सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा आणि १८० ला मास्टर्स मिळतं. अशी सोय असेल तर पहिला बेत ६० क्रेडिटचाच करा. मध्येच थांबावं लागलं तरी हातात काही राहतं, आणि पुढे जायचं ठरलं तर ते क्रेडिट मोजले जातात. पण किती वर्षं मोजले जातात, याची मुदत लेखी घ्या. मध्ये सहा महिने सुटी घेतली तर फी पडते का, आणि तो काळ एकूण मुदतीतून वजा होतो का, हेही लेखीच. परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर की घरून? गटाने करायची कामं आहेत का, आणि असली तर बैठका कुठल्या वेळी? ग्रंथालयातले शोधनिबंध घरून उघडतात का? एलसीएसाठी, म्हणजे वस्तूच्या कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या पर्यावरणीय हिशोबासाठी, ओपनएलसीए आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पण एलसीएला लागणारे चांगले डेटाबेस बहुधा विकतचे असतात. संस्थेचा परवाना डिस्टन्सच्या विद्यार्थ्याला चालतो का, ते विचारून घ्या. नाही तर ऐन डिझर्टेशनच्या, म्हणजे शेवटच्या प्रबंधाच्या, वेळी हात बांधले जातात. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी मनात असेल तर तुमच्या देशाचं नियामक मंडळ डिस्टन्सची ही पदवी मानतं का, हे फी भरण्याआधी बघा.

छोट्या कोर्सचं म्हणाल तर, फक्त प्रश्नावल्या नीट भरणं एवढंच हवं असेल तर ते पुरतात. हरितगृह वायूंच्या मोजणीचा आयएसओ १४०६४ वरचा एक आणि एलसीएच्या ओळखीचा एक, एवढ्यावर काम भागेल. पदवीचा घाट घालण्याआधी असा एखादा करून बघायलाही हरकत नाही. पण ढीगभर सर्टिफिकेटं जमवू नका. पाचव्यातही पहिल्यातलंच असतं. तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं की रकाना भरल्यावर 'पण याने खरंच काही होतं का' हा प्रश्न तुम्हाला सुटत नाही. त्याला पदव्युत्तर अभ्यासच लागेल.

ऑफिसात अजून सांगितलं नाहीत, पण ते फार लांबवू नका. फीची मागणी मात्र पहिल्यांदा करू नका. कंपनी फी भरते तेव्हा बहुधा ठरावीक वर्षं नोकरी न सोडायचा करार येतो. चार वर्षांचा कोर्स आणि वर तीन वर्षांचा करार म्हणजे सात वर्षं. आधी फीपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाच्या गोष्टी मागा. परीक्षेच्या आणि सबमिशनच्या आठवड्यांत रजा आत्तापासून मंजूर करून घ्या. प्रश्नावल्यांचं काम अधिकृतपणे तुमच्या जबाबदारीत लिहून घ्या, कारण आज ते फावल्या वेळचं समजलं जातंय. आणि डिझर्टेशनसाठी खरेदीचा डेटा वापरायची लेखी परवानगी घ्या.

या परवानगीवर जरा जास्त बोलतो, कारण डिझर्टेशन म्हणजे १८० पैकी साधारण ६० क्रेडिट, सहाशे तास. साहेबांनी तोंडी 'घे की' म्हटलेलं असतं, दीड वर्षाने साहेब बदलतात आणि नवे म्हणतात, व्हेंडरचे दर बाहेर जाता कामा नयेत. म्हणून पत्रात स्पष्ट लिहून घ्या: कुठल्या वर्षांचा डेटा, कुठले रकाने, व्हेंडरची नावं संकेतांकांनी झाकणार, दर अजिबात छापणार नाही, आणि निष्कर्ष कंपनीला आवडले नाहीत तरी ते बदलले जाणार नाहीत. शेवटचं कलम लिहायला संकोच वाटेल, पण तेच सगळ्यात जरुरीचं. माहिती देणारी आणि तिची चिकित्सा करणारी एकच व्यक्ती असते तेव्हा आकडे सजवायचा दबाव येतो, आणि तो कुणी उघड बोलून आणत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरीही आधी घ्यावी लागते. तिला काही आठवडे सहज जातात, आणि तिच्याआधी घेतलेल्या मुलाखती बाद होऊ शकतात.

विषय लहान घ्या. 'पुरवठा साखळीतील शाश्वतता' हा विषयच नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. साठ व्हेंडरना प्रश्नावली पाठवायचा मोहही आवरा. दहाजण उत्तर देतील, त्यातले निम्मे अर्धवट, आणि मग सबंध अभ्यास त्या पाच कागदांवर उभा करावा लागेल. कुणाच्या उत्तरावर अवलंबून नसलेला विषय घ्या. उदाहरणार्थ, खर्चावरून काढलेला कार्बन आणि वजनावरून काढलेला कार्बन यांत तुमच्या कंपनीत किती अंतर पडतं? आज बहुतेक प्रश्नावल्या खर्चाला गुणक लावून भरल्या जातात. पोलादाचा दर २० टक्क्यांनी वाढला की कार्बनही २० टक्क्यांनी वाढलेला दिसतो, टन तेवढेच असले तरी. दर पाडून घेतला की कार्बन घटल्यासारखा दिसतो. खरेदीतल्या माणसाने चांगली घासाघीस केली तर कागदावर हवामान सुधारतं! यातला फोलपणा तुमच्याइतका कुणाच्या लक्षात येणार? तीन वर्षांचा डेटा, दोन पद्धती, एक तुलना. दहा-पंधरा हजार शब्दांत मावतं, आणि निघालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी कामाला येतं.

आणि नोकरी? २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय हिशोब मानकं सांभाळणाऱ्या आयएफआरएस फाउंडेशनच्या शाश्वतता मानक मंडळाने कंपन्यांनी हवामानविषयक माहिती जाहीर करण्याचं एस-टू हे मानक आणलं. तेव्हापासून स्कोप थ्री हा विषय जाहिरात खात्याकडून हिशोब खात्याकडे सरकतो आहे. पदवीचा कागद असलेले पुष्कळ मिळतील. पीओ वाचता येणारा, व्हेंडरशी बोलता येणारा आणि वर गुणकाचा उगम सांगू शकणारा माणूस विरळा. तुमची बाजारातली किंमत या जोडातून होईल. कदाचित कंपनीही तीच राहील, फक्त टेबलावरचं काम बदलेल. तेही पदवीनंतर एकदम नव्हे, दुसऱ्या वर्षापासून हळूहळू.

या आठवड्यात एवढं करा. गेल्या वर्षीच्या खरेदीतले सर्वांत मोठ्या रकमेचे वीस माल एका शीटवर घ्या. प्रत्येकापुढे चार रकाने करा: वजन किती, कुठून आला, कुठल्या प्रक्रियेने बनला, आणि वापरलेला गुणक कुठल्या वर्षाच्या कुठल्या यादीतला. माहीत असेल तिथे भरा, नसेल तिथे रिकामं सोडा, अंदाज लिहू नका. बहुतेक शीट रिकामीच दिसेल. मग ज्या दोन-तीन अभ्यासक्रमांचा विचार करताय त्यांच्या समन्वयकांना ती दरांशिवाय आणि नावांशिवाय पाठवा आणि विचारा, यातल्या रिकाम्या जागा भरायला मी तुमच्या कुठल्या मॉड्यूलमध्ये शिकेन? जो मॉड्यूलचं नाव घेऊन, तिथे काय वाचायला आणि काय करायला लागतं ते सांगेल, त्याच्याकडे अर्ज भरा. जो उत्तरादाखल माहितीपत्रक पाठवेल, त्याला यादीतून काढा.